बंद पडणे म्हणजे बिघडणे नव्हे

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आम्ही शाळेच्या आठवणी लिहाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असावी. तशा आठवणी लिहिणारे अनेक जण या अंकात आहेत. गेली सत्तावीस वर्षे आम्ही इतिहासाच्या तासाला एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगत आलो : घटना डोळ्यांना दिसते, कारण शोधावे लागते. यंदाच्या उन्हाळ्यात हीच गोष्ट आमच्या घरातील एका जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या निमित्ताने पडताळून पाहता आली. तो चालता चालता बंद पडत असे. त्याचे कारण कसे सापडले, हे येथे सविस्तर लिहीत आहोत. विद्यार्थ्यांना त्यातून विचाराची एक रीत मिळेल आणि पालकांना कदाचित घरातील एखादे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचविता येईल.

आपल्या वस्त्यांत ध्वनियंत्राला जे स्थान आहे, ते केवळ करमणुकीच्या वस्तूचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या सोहळ्याच्या छायाचित्रांत बाबासाहेबांसमोर माइक दिसतो. लाखोंच्या समुदायाने त्यांच्यामागून प्रतिज्ञा म्हटल्या, त्यात या साध्या यंत्राचाही वाटा आहे. पुढे कॅसेटचा काळ आला आणि गाणी घरोघर पोहोचली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि आयुष्यभर गीते रचली. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार अशा गीतांनी नेला. वामनदादा, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज आमच्या पिढीने आधी कॅसेटवर ऐकले आणि मग मंचावर. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकानेही लागत. वडील गिरणीतून निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, आमच्या इंदोऱ्याच्या घरी हा ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि स्पीकरची एक जोडी आली.

वडील आता नाहीत. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी गेली आहे. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असे, की सारी गाणी मोबाइलवर मिळतात, तेव्हा हा जुना संसार कशाला? परंतु मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर आंधळ्या बोटांना काही सापडत नाही. डेकची बटणे मात्र तिला पाठ आहेत. डावीकडून दुसरे बटण दाबले की गाणे सुरू, चौथे दाबले की मागे. संध्याकाळचा हा एक तास ती कुणाच्याही मदतीवाचून स्वतःचा स्वतः चालविते. शिवाय तिच्याकडे एक कॅसेट आहे. १९८८ च्या भीमजयंतीला वस्तीत झालेल्या कार्यक्रमाचे ते ध्वनिमुद्रण. त्यात गायकाची ओळख करून देणारा आवाज वडिलांचा आहे. तो आवाज दुसरीकडे कोठेही नाही.

मार्च महिन्यात ॲम्प्लिफायर बंद पडू लागला. वीस-बावीस मिनिटे व्यवस्थित वाजे, मग आतून ‘टक’ असा आवाज येई, पुढचा लाल दिवा लागे आणि सारे शांत. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा ‘टक’ होई आणि गाणे सुरू. आई म्हणे, “काहून थांबलं रे बाप्पा? आताच त बोलत होते तुये बाबा.”

घरात लगेच मते तयार झाली. कुणी म्हणाले व्होल्टेज कमी-जास्त होते, कुणी म्हणाले डेक खराब झाला, कुणी म्हणाले यंत्राचे वय झाले. एका मेकॅनिकला बोलाविले. त्याने झाकण न उघडताच निदान केले, “सर, रिले डायरेक्ट करून देतो. मग कधीच बंद पडणार नाही.”

रिले म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधोमध एक विजेवर चालणारा दरवाजा असतो, तो रिले. आतील एक लहानसे मंडळ सतत तीन गोष्टींवर पहारा ठेवते : विद्युतप्रवाह प्रमाणाबाहेर जात नाही ना, उष्णता मर्यादेपलीकडे चढत नाही ना, आणि स्पीकरकडे जाऊ नये असा एकदिश प्रवाह तिकडे जात नाही ना. यांपैकी काहीही झाले की दरवाजा बंद होतो. ‘टक’ हा त्याचाच आवाज. म्हणजे जे बंद पडत होते, ते बिघडले म्हणून नव्हे, तर आपले काम करीत होते म्हणून. तो दरवाजा कायमचा उघडा ठेवला असता तर यंत्र बंद पडले नसते हे खरे, परंतु एके दिवशी ट्रान्झिस्टर जळाले असते आणि त्यांच्यामागून स्पीकरही गेले असते. वितळलेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणारा माणूस हेच करीत असतो. आम्ही मेकॅनिकला नम्रपणे नकार दिला.

इतिहासात साधनांची एक प्रतवारी असते. ऐकीव माहिती खालच्या पायरीवर, समकालीन नोंद वरच्या. म्हणून आम्ही प्रथम एक वही घातली. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, आवाजाची पातळी आणि खोलीतील तापमान, एवढे पाच रकाने. आठवडाभरात वही बोलू लागली. संध्याकाळी यंत्र बावीस मिनिटे चाले, पहाटे सहा वाजता एक्केचाळीस मिनिटे. आवाज वाढविला की ही मुदत कमी होई. दर वेळी थंड झाल्यावर ते आपोआप सुरू होई. रोख उघडच उष्णतेकडे होता. यंत्र सुरू करताक्षणीच बंद पडले असते, तर आत काही जळाले असावे असे मानता आले असते. केवळ मोठ्या आवाजाच्या ठोक्याला बंद पडले असते, तर जादा प्रवाहाचा संशय घेता आला असता. धक्का लागताच बंद पडले असते, तर एखादा सांधा सैल असावा असे वाटले असते. बंद पडण्याची तऱ्हा हाच पहिला पुरावा असतो.

व्होल्टेजचा आरोप मल्टीमीटरने तपासला. संध्याकाळी ऐन वापराच्या वेळी आकडा २२४ ते २३५ व्होल्टच्या दरम्यान राहिला. आरोप सिद्ध झाला नाही. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ साली वीजविषयक धोरण समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलेला विचार असा, की देशाला वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, कारण विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही. घरातील सॉकेटमध्ये मीटरची टोके खुपसताना ही आठवण झाली.

यानंतर वगळण्याची पद्धत स्वीकारली. ॲम्प्लिफायरचे दोन्ही स्पीकर सोडविले आणि डेक चालू करून यंत्र तासभर तसेच ठेवले. ‘टक’ झाले नाही. म्हणजे दोष स्पीकरच्या बाजूस असावा, किंवा स्पीकरचा भार पडला की वर येत असावा. मग स्पीकरच्या तारांचा माग काढीत गेलो. दोन वर्षांपूर्वी घराचे रंगकाम झाले, तेव्हा वायरमनने स्वयंपाकघरासाठी स्पीकरची दुसरी जोडी त्याच टोकांना जोडून दिली होती. पाटीच्या आड तार गेल्यामुळे ते कुणाच्या नजरेत आले नव्हते.

आता यंत्राच्या पाठीवर छापलेला एक आकडा महत्त्वाचा ठरतो. आमच्या ॲम्प्लिफायरवर ‘८ ते १६ ओहम’ असे छापलेले आहे. स्पीकर प्रवाहाला जो अडथळा करतो, त्याचे हे माप. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच टोकांना शेजारी-शेजारी जोडले, तर अडथळा सोळा होत नाही, तो चारवर येतो, कारण प्रवाहाला एकाऐवजी दोन वाटा मिळतात. आठ व्होल्टला आठ ओहममधून एक अँपिअर जातो, चार ओहममधून दोन. आठासाठी बांधलेल्या यंत्राकडून दुप्पट प्रवाह मागितला, तर ते तापणारच. या मापाला ज्याचे नाव आहे, तो गेऑर्ग ओहम हा कुलुपे घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोनच्या एका शाळेत तो शिकवीत असे. १८२७ साली त्याने आपला नियम प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांनी त्याची उपेक्षा केली आणि त्याला नोकरी सोडावी लागली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. महाडच्या सत्याग्रहाच्या बरोबर शंभर वर्षे आधीचे ते १८२७ साल आमचे विद्यार्थी आता विसरत नाहीत.

स्वयंपाकघराची जोडी काढली. वहीत नोंद झाली : बावीस मिनिटांवरून मुदत पन्नास मिनिटांवर गेली. मुदत वाढली, पण दोष संपला नाही. कारण सापडले म्हणून येथेच थांबण्याचा मोह होतो. परंतु एका घटनेला एकच कारण असते, ही समजूत इतिहासात टिकत नाही आणि यंत्रातही टिकली नाही.

दुसरे कारण शोकेसमध्ये होते. घर आवरण्याच्या ओघात यंत्र काचेच्या दारामागे गेले होते आणि त्याच्या झाकणावरच डेक बसला होता. नागपूरच्या एप्रिलमध्ये बाहेर त्रेचाळीस अंश असताना बंद शोकेसच्या आत काय होत असेल, हे सांगावयास नको. यंत्र मोकळ्या जागी आणले. त्याच्या वर आणि बाजूंना वीतभर जागा ठेवली. झाकण उघडण्याची वेळ आली, तेव्हा मात्र आम्ही जाणकार हाताची वाट पाहिली. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो आणि तो जबर झटका देऊ शकतो. पालकांनी आणि मुलांनी ही सूचना सहज घेऊ नये.

जाणकार हात मिळाला तो आपल्याच वसतिगृहात राहून शिकलेल्या एका माजी विद्यार्थ्याचा. इतिहासात त्याला काठावरचे गुण पडत. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम केला आणि आता स्वतःचे दुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याने येताच “जय भीम, सर” म्हणून आमची वही मागितली आणि शांतपणे शेवटपर्यंत वाचली. नंतर म्हणाला, “सर, एवढी माहिती गिऱ्हाइकानं दिली, तर आमचं अर्धं काम होते.”

त्याने प्रथम कपॅसिटरमधील भार रोधाच्या साहाय्याने उतरविला. आत धुळीचा थर होता. उष्णता बाहेर फेकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पन्हळींमध्ये, म्हणजे हीट सिंकमध्ये, कूलरच्या ओलाव्याने ती धूळ लिंपून बसली होती. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामध्ये एक पांढरी लेप असते. ती वाळून खडूसारखी झाली होती, त्यामुळे उष्णता ट्रान्झिस्टरमधून बाहेर पडत नव्हती. त्याने धूळ ब्रशने काढली, लेप पुसून नवी लावली, मधला अभ्रकाचा पातळ तुकडा कोठे तडकला नाही ना, हे पाहिले. मग शंभर वॅटचा दिवा मधे जोडून, ज्याला मेकॅनिक मंडळी सिरीज बल्ब म्हणतात, यंत्राला वीज दिली. दिवा क्षणभर उजळून मंद झाला. तो तसाच लख्ख पेटत राहिला असता, तर आत शॉर्ट आहे असे समजावयाचे. शेवटी स्पीकरच्या टोकांवर एकदिश व्होल्टेज मोजले. ते काही मिलिव्होल्ट भरले. ते व्होल्टांत भरले असते, तर स्पीकर जोडणे धोक्याचे होते.

त्या दिवशी यंत्र सलग तीन तास चालले. पण चौथ्या दिवशी पाच मिनिटांतच ‘टक’ झाले. सहाव्या दिवशी दोन तासांनी. वहीतील या नोंदींचा उष्णतेशी मेळ बसेना. हीट सिंक हाताला जेमतेम कोमट लागे. एक गोष्ट मात्र लक्षात आली. दोन्ही वेळा शेजारच्या लोखंडी कपाटाचे दार आपटले होते. विद्यार्थ्याला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “मंग उष्णता नाही, सर. सांधा आहे.”

तो पुन्हा आला. यंत्र चालू ठेवून एका लांब, कोरड्या लाकडी काडीने त्याने सर्किटवर जागोजाग हलकेच टिचकी मारली. सारे ठीक. रिलेच्या पायाजवळ काडी टेकताच ‘टक’. वीज बंद करून त्याने भिंगातून दाखविले. रिलेच्या एका पायाभोवतीच्या डाखेला केसाएवढी गोल भेग होती. तीस वर्षे तापून-थंड होऊन तो सांधा सुटला होता. मेकॅनिकच्या भाषेत ड्राय सोल्डर. त्याने जुनी डाख काढून नवी दिली. काम दहा मिनिटांचे होते, पण ते कोठे करावयाचे, हे कळण्यास दीड महिना लागला. या गोष्टीस आज पाच महिने झाले. यंत्र पुन्हा बंद पडलेले नाही. आई रोज संध्याकाळी डावीकडून दुसरे बटण दाबते. वडिलांच्या आवाजाची ती कॅसेट मात्र आम्ही लगेच संगणकावर उतरवून घेतली, कारण फीत कायमची टिकत नाही.

मजुरी विचारली, तेव्हा तो विद्यार्थी घेईना. “सर, तुमच्याकडून कशी घेऊ?” आम्ही आग्रहाने दिली. शिष्याकडून अंगठा मागून घेणाऱ्या गुरूची गोष्ट या देशात आदराने सांगितली गेली आहे. आम्हांस ती परंपरा मान्य नाही. हाताच्या कौशल्याचे मोल रोख चुकते केले पाहिजे, आणि ते आदराने केले पाहिजे.

हे लिहिण्यामागे इतिहासाच्या शिक्षकाचे एक दुखणे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि त्यांच्या तोंडाचा स्पर्श इतरांना चालत नसे. पगार मात्र त्याच खात्यात अधिक होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. यंत्र आले तरी यंत्राजवळ कुणी जावयाचे, हे जात ठरवीत होती. पुढे १९३६ साली त्यांनी जातिव्यवस्थेविषयी लिहिले, की ती केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्या विभागणीचा एक अवशेष आपल्याही घरांत शिल्लक आहे. मुलगा पुस्तक घेऊन बसला की आपण समाधानी होतो, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला की रागावतो. ज्या हातांना यंत्राला शिवू दिले जात नव्हते, त्या हातांनी आज यंत्र उघडून त्याचे कारण शोधावे, ही शिक्षणाच्या बाहेरची गोष्ट नाही.

शिक्षकांसाठीही यात काही आहे. वसतिगृहात नव्याने आलेले एखादे मूल महिनाभर बोलते, खेळते आणि एके दिवशी एकदम गप्प होते. उत्तर देत नाही, वही उघडत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो, मठ्ठ म्हणतो, आणि रिले डायरेक्ट करावा तसा धाक घालून त्याला चालू करू पाहतो. बहुतेक वेळा ते मूल बिघडलेले नसते, स्वतःला सांभाळत असते. ते कोणत्या वेळी गप्प होते, कशानंतर होते, किती वेळाने पुन्हा बोलू लागते, याची नोंद ठेवली तर कारणापर्यंत पोहोचता येते. आणि कारण एकच असेल, असेही मानू नये.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. शाळेच्या ग्रंथालयाशेजारी एक दुरुस्तीचे टेबल असावे. त्यावर मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, सिरीज बल्बचा बोर्ड, भिंग आणि पाच रकान्यांची एक वही असावी. आपापल्या घरचे बंद पडलेले रेडिओ, टेप, मिक्सर, पंखे तेथे आणून द्यावेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निक शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा आणि त्यांच्या देखरेखीखाली आठवी-नववीच्या मुला-मुलींनी ती यंत्रे उघडावीत. मुलींनी तर अवश्य. सगळीच यंत्रे दुरुस्त होणार नाहीत. पण प्रत्येक यंत्र का थांबले, हे वहीत लिहिले गेले पाहिजे. टेबलासाठी मल्टीमीटर आम्ही देतो. बाकीच्या वस्तू कोण कोण देणार, ते माजी विद्यार्थ्यांनी कार्यालयात कळवावे.